तईतले बटाटे

नानांनी बटाटे मागितले तेव्हा मी दाढी करत होतो, आणि ऐकून मला इतका आनंद झाला की हनुवटी कापून घेतली.

नाना म्हणजे माझे वडील, दत्तोपंत. आई गेल्याला तेव्हा दोन महिने झाले होते आणि त्या दोन महिन्यांत नानांनी तोंडाने काहीही मागितलं नव्हतं. सकाळी कपभर चहा, दुपारी अर्धी भाकरी, संध्याकाळी "भूक नाही". पायजम्याची नाडी पूर्वीपेक्षा वीतभर जास्त लोंबायला लागली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, औषधं मी लिहून देतो, पण यांच्या पोटात अन्न गेलं नाही तर ती औषधं आत जाऊन करणार काय? हा हिवाळा काढायचा असेल तर खायला घाला. आणि आज नाना आपण होऊन म्हणाले, "तुझी आई करायची तसे बटाटे कर की एकदा नाश्त्याला."

आता, माझी बायको त्या वेळी परभणीला होती. तिच्या आईचा पाय न्हाणीत घसरून मोडला होता. त्यामुळे घरात दोन पुरुष, आणि त्यांपैकी एकालाही स्वयंपाक येत नाही अशी परिस्थिती होती. पण मी डगमगलो नाही. मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक शाखेत एकवीस वर्षं काढलेली आहेत. हिंगोलीचा जिल्हा होऊन चार वर्षं झाली तरी आमच्या कार्यालयाच्या खुर्च्या आल्या नव्हत्या, आणि तरीही आम्ही एक कागद तुंबू दिला नव्हता. अशा माणसाला बटाटा तो काय अडवणार?

आईचे बटाटे म्हणजे पातळ गोल चकत्या. तेल, जिरं, लाल तिखट, चांगला मूठभर कांदा आणि वरून शेंगदाण्याचा कूट. खालच्या बाजूला खरपूस पापुद्रा धरलेला असायचा आणि तो उलथन्याने खरवडून काढताना जो आवाज व्हायचा तो ऐकून मी लहानपणी अंथरुणातून उठायचो. ज्वारीच्या भाकरीबरोबर हे बटाटे खाल्ले की दुपारपर्यंत पोट हूं की चूं करत नसे.

पहिल्या दिवशी मी बायकोच्या निर्लेप तव्यावर बटाटे केले. त्या तव्यावर काहीही चिकटत नाही, ही त्याची ख्याती. दुर्दैवाने खरपूसपणाही चिकटत नाही. अर्ध्या तासाने बटाटे आजारी माणसासारखे पांढरे आणि मऊ पडले होते. नानांनी दोन घास खाल्ले, "चांगलं झालंय" म्हणाले आणि ताट हळूच बाजूला सारलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचं ते "चांगलं झालंय" मला दिवसभर कार्यालयात टोचत राहिलं, आणि मी एका पत्राला दोनदा जावक क्रमांक टाकला.

संध्याकाळी शेजारच्या रुख्मिणीबाई भिंतीपलीकडून बोलल्या. त्यांचे यजमान प्रेमदास राठोड हे नरसीच्या अलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मुख्याध्यापक. दोघंही सेनगावकडच्या तांड्यावरचे, आणि आमच्या आईवर त्यांचा भारी जीव. सकाळी बटाट्यांचा वास न आल्यामुळे रुख्मिणीबाईंना सगळी हकिकत आपोआप कळली होती. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी कशात करून राहिले? काकू तर तईत करत व्हत्या. काकूंची तई कुठंय?"

हा प्रश्न मला कुणी विचारू नये म्हणून मी दोन महिने देवाची प्रार्थना करत होतो.

तई म्हणजे तव्याहून खोल आणि कढईहून उथळ असं दोन कानांचं जाड लोखंडी भांडं. आई लग्नात घेऊन आली तेव्हापासून ती तई आमच्या घरात होती. आईच्या दिवसकार्याला दशदानाची तयारी चालली होती. तीळ, मीठ, कापूस, धान्य असं सगळं मांडून झालं आणि गुरुजी म्हणाले, लोहदान राहिलं, लोखंडाची एखादी वस्तू आणा. खरं म्हणजे एक खिळा चालला असता. लोक विळी देतात, पळी देतात. पण घरात पाहुण्यांची गर्दी, डोकं बधिर झालेलं, गुरुजींना पुढच्या घरी जायची घाई. मी ओट्याखाली हात घातला, जे काळं लागलं ते बाहेर काढलं, दर्भासकट पाणी सोडलं आणि मोकळा झालो. ती तई होती हे मला चार दिवसांनी, जेवताना, एकदम आठवलं. तेव्हापासून मी ओट्याखाली पाहिलेलं नाही. नाना त्या वेळी कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, पण ते कुणाकडेच पाहत नव्हते. त्यांना काही कळलं नसावं, हा माझा एकुलता एक आधार होता.

रुख्मिणीबाईंना मी सांगितलं की तई सापडत नाही. त्या म्हणाल्या, मग नवी आणा. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात लोखंडाची भांडी घेऊन लोहार बसतात, निर्लेपच्या भानगडीत पडू नका.

मी किरकोळ रजा टाकली. कारणाच्या रकान्यात "घरगुती" असं लिहिलं. आमचे साहेब म्हणाले, घरगुती म्हणजे नेमकं काय? मी बटाटे म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि आई गेल्यापासून या माणसाचं काही खरं नाही अशा चेहऱ्याने सही केली.

जवळा बाजारला मी तई घेतली. ती घासली, मिठावर तापवली, तेल चोळून ठेवली, कांदा जाळला, पुन्हा घासली. हे सगळं रुख्मिणीबाईंच्या सांगण्यावरून. परभणीहून बायकोने फोनवर नेमकं उलटं सांगितलं, म्हणून मग तेही केलं. आमच्या गल्लीतून जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येकाचं नव्या तईविषयी काही ना काही मत होतं, आणि त्यातल्या कुणाच्याही घरी तई नव्हती. तिसऱ्या दिवशी बटाटे केले तर ते तळाला असे बसले की उलथनं वाकलं. जे सुटले त्यांना खिळा चोखल्यासारखी चव होती. नाना दोन घास खाऊन म्हणाले, "बरं झालंय. आता नको करत बसू, तुला तकलीफ होते."

म्हणजे त्यांनी मागणं सोडून दिलं. दोन महिन्यांत एक इच्छा झाली, तीही मी आठवड्यात मारून टाकली. त्या दिवशी दुपारी त्यांनी अर्धी भाकरीही परत पाठवली. मग मात्र मी ठरवलं की काय वाटेल ते होवो, आईची तई परत आणायची.

गुरुजी नरसीचे. रविवारी स्कूटर काढून त्यांच्याकडे गेलो. मोठ्या अदबीने, आडून आडून, हवापाण्यावरून सोयाबीनवर आणि सोयाबीनवरून लोखंडावर आलो. गुरुजी मुळीच रागावले नाहीत. दान दिलेली वस्तू परत मागणारा माणूस त्यांनी चाळीस वर्षांत प्रथमच पाहिला होता आणि त्यांना माझ्याबद्दल शास्त्रीय कुतूहल वाटत होतं. त्यांनी मला चहा पाजला आणि सांगितलं की लोहदानाचं लोखंड ते घरात ठेवतच नाहीत, गरजवंताला देऊन टाकतात. आता शाळांमधून पोरांना खिचडी शिजवून देतात, आणि अलीकडच्या गावच्या शाळेत भांडी कमी होती, म्हणून तई तिकडे दिली.

ती शाळा प्रेमदास राठोडांची होती. म्हणजे मी जिच्यासाठी जिल्हा पालथा घातला त्या तईचे मालक रोज माझ्या भिंतीपलीकडे झोपत होते.

मी संध्याकाळी त्यांना गाठलं. प्रेमदासांना फार वाईट वाटलं. काकूंची तई आपल्या शाळेत आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. पण ते म्हणाले, "साहेब, तई डेडस्टॉकला, म्हंजे शाळेच्या सामानाच्या वहीत, चढली ना. आता ती माझी न्हाई, तुमची न्हाई, शासनाची झाली. तुमी कागद द्या, मी कागदावर सोडतो. तोंडी सोडली तर तपासणीत माझ्या अंगावर येईल."

कागद म्हटल्यावर मला हायसं वाटलं. गेल्या आठ दिवसांत प्रथमच कुणीतरी मला येणारं काम सांगत होतं. मी त्याच बैठकीत अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं जिथल्या तिथं. "सदर लोखंडी तई ही अर्जदाराच्या मालकीची असून ती अनवधानाने दान म्हणून देण्यात आली आहे. सबब सदरचे दान ग्राह्य न धरता तई अर्जदारास परत मिळावी व तिच्याऐवजी नवी तई स्वीकारावी, ही विनंती." प्रेमदासांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले की असा अर्ज आमच्या केंद्रात कुणाला लिहिता येणार न्हाई. मला, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी नवी तई घेऊन शाळेत गेलो. खिचडी शिजवणाऱ्या जनकाबाई जुनी तई सोडायला तयार नव्हत्या. तिच्यातच फोडणी लागते, तुमच्या या नव्या ठिकऱ्यात जळते, असं त्यांचं म्हणणं. मी अर्ज दाखवला. त्या म्हणाल्या, मला वाचता येत न्हाई. मग मी सगळं सांगितलं, आईचं, नानांचं, अर्ध्या भाकरीचं. सांगता सांगता शाळेच्या पडवीत, पोरांच्या रांगेसमोर, माझा आवाज फुटला. जनकाबाईंनी तई राखेने घासली, पदराने पुसली आणि हातात दिली. बटाटे आधी उकडू नका, झाकण ठेवू नका, मीठ शेवटी घाला आणि मधे मधे हलवायला जाऊ नका, एवढं मला बजावलं. सगळ्या प्रकरणात कामाचा सल्ला तेवढा एकच मिळाला.

मंगळवारी सकाळी मी बटाटे केले. हलवायला गेलो नाही. हात मागे बांधून, साहेबांच्या केबिनबाहेर उभा राहतो तसा उभा राहिलो. तईने काम ओळखलं. कडेने तेल सुटलं, कांदा लाल झाला आणि उलथनं घातलं तेव्हा तो खरवडण्याचा आवाज आला. मला त्या आवाजाने रडूच आलं. पलीकडून रुख्मिणीबाई खोकल्या, म्हणजे वास तिकडे पोहोचला होता. मी ताटात बटाटे वाढले, भाकरी ठेवली, आणि उरलेल्या बटाट्यांसकट तईच उचलून नानांसमोर पाटावर आणून ठेवली. नुसते बटाटे द्यायचे सोडून ही शोभायात्रा काढायची मला काही गरज नव्हती. पण आठ दिवस मानहानी सोसलेल्या माणसाला एवढी मिरवणूक काढावीशी वाटते.

नानांनी ताटाकडे पाहिलंच नाही. ते तईकडे पाहत राहिले. मग तिच्या कानावरून बोट फिरवलं.

"ही कुठून आणलीस?"

मी सगळी हकिकत सांगितली. गुरुजी, शाळा, डेडस्टॉक. अर्ज तर मी जवळजवळ तोंडपाठ म्हणून दाखवला. माझं संपल्यावर म्हणाले, "म्हणजे आता तिच्यापाशी नाही."

मला कळलं नाही.

"तू ती दानात ठेवलीस तेव्हा मी पाहून राहिलो होतो," नाना म्हणाले. "सगळ्या कार्यात मला तेवढंच बरं वाटलं. तिला दुसऱ्या भांड्यात जमत नाही. म्हटलं, पोराला बराबर सुचलं, तिची तई तिच्यासंगं दिली. तिकडं अडणार नाही तिचं." मग त्यांनी विचारलं, "परत काहून आणलीस रे?"

मला तेव्हा काहीच सुचलेलं नव्हतं. मी ओट्याखाली हात घातला होता आणि जे काळं लागलं ते काढलं होतं. आयुष्यात नकळत एक चांगली गोष्ट हातून घडली होती, आणि तीही मी रीतसर अर्ज करून रद्द करून घेतली होती.

नाना म्हणाले, "आत्ता जा आणि गुरुजींना परत देऊन ये. आणि रिकामी देऊ नको. कुणाचं भांडं रिकामं देऊ नये. हे बटाटे तिच्यातच राहू दे. तू आलास की मग मी खाईन."

मी तईवर ताटली झाकली, फडक्याने गाठ मारली, पिशवीत घातली आणि पिशवी स्कूटरला अडकवून पुन्हा नरसीचा रस्ता धरला. थंडी होती. पिशवी गुडघ्याला लागत होती आणि गरम होती. नरसी येईपर्यंत ती गार झाली.

गुरुजी पूजा आटोपून ओट्यावर बसले होते. मी तई पुढे ठेवली, पुन्हा दान घ्या म्हणालो. या खेपेला मात्र त्यांनी चहा विचारला नाही. मी परत कशी मिळवली ते त्यांनी विचारून घेतलं आणि अर्जाचा मजकूर ऐकताना डोळे मिटले.

"लेखी दिलंत तुम्ही?" ते म्हणाले. "दान ग्राह्य धरू नये, असं? सहीनिशी?"

मी हो म्हणालो. सही, दिनांक आणि स्थळ, हिंगोली.

"मग झालं तर. पाणी सोडून दिलेलं तुम्ही सही करून परत घेतलं. आता ते पोहोचलं असं मी कोणत्या तोंडानं सांगू?" मी म्हणालो, पुन्हा पाणी सोडतो, लागेल ते करतो. गुरुजींनी मान हलवली. "ते दान मृत्यूचं असतं बाबा. त्या त्या दिवशीच घेता येतं. आता पुन्हा लोहदान घ्यायचं म्हटलं तर तुमच्या घरातलं..." इतकं बोलून त्यांची जीभ अडली. ते गडबडीने आत निघून गेले आणि मी तई उचलली.

येताना शाळेपाशी थांबलो. आत पोरं पाढे म्हणत होती. पण शाळेला दिली तरी ती शाळेच्या फोडणीची तई होणार होती, आईची नाही. नवी तई डेडस्टॉकला चढली असणार, तिचा अर्ज पुन्हा वेगळा. एकवीस वर्षांत मला प्रथमच अर्जाची शिसारी आली. मी गाडी चालू केली.

घरी पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. पिशवी स्कूटरलाच लटकत ठेवली आणि आत गेलो. नाना पाटावर तसेच बसले होते. समोर ताट, त्यावर दुसरं ताट पालथं घातलेलं. घोटभर पाणीसुद्धा प्यायले नसावेत.

"दिलीस?"

"दिली."

"रिकामी नाही ना दिलीस?"

"नाही. बटाट्यांसकट दिली."

नानांशी खोटं बोलायचा प्रसंग माझ्यावर सातवीनंतर प्रथमच आला. त्यांनी वरचं ताट काढलं. बटाटे थिजून गेले होते, कूट ओला झाला होता. त्यांनी भाकरी मोडली आणि खायला लागले. अर्धी भाकरी संपली. दुसरी अर्धी घेतली. ताट पुसून झालं तेव्हा बोटं चाटत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आई गेल्यापासून ते माझ्याकडे असं पाहत नव्हते.

"आणखी आहेत का रे?"

मी नाही म्हणायला हवं होतं. बाकीचे सगळे आईकडे गेले होते, आमचं दोघांचं तसं ठरलं होतं. पण दोन महिन्यांनी माणूस दुसऱ्यांदा वाढ म्हणत होता. "बघतो, पातेल्यात राहिले असतील," असं म्हणून मी वाटी घेतली, मागच्या दाराने अंगणात गेलो, स्कूटरची पिशवी उघडली, गाठ सोडली आणि तईतून आईच्या वाट्याचे बटाटे वाटीत काढले. खालचा पापुद्रा बोटांनीच खरवडला, आवाज व्हायला नको म्हणून. आईच्या ताटातलं चोरताना मला फार लाज वाटली, आणि तितकाच आनंदही होत होता, आणि त्या आनंदाची पुन्हा निराळी लाज वाटत होती.

नानांनी पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबले. मला वाटलं, संपलं, कळलं यांना.

"हे बराबर झालेत," ते म्हणाले. "मगाचे तितके नव्हते."

मी हो म्हणालो आणि त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.